झाडांचे आईबाप विचारणारा भाडेकरू

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या अकरा लिंबू बागायतदारांना एका रोपवाटिकेच्या मालकाने फसवलं. त्यातला पहिला मी. आजारी झाडाच्या काड्यांवरून बांधलेली कलमं त्याने ‘रोगमुक्त’ अशी चिठ्ठी लावून आम्हाला विकली, आणि विकताना ते झाड आजारी आहे हे त्याला ठाऊक होतं. मला राग लवकर येतो, हे वरवंडात कुणालाही विचारा. पण हे मी रागाने लिहीत नाही, पुराव्याने लिहितो आहे.

तो पुरावा ज्यांनी गोळा केला ते माझे भाडेकरू. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, कारण ते त्यांना आवडायचं नाही. म्हणायचे, “माझं नाव छापलं की लोक मला विचारायला येतील. लोकांनी झाडाला विचारावं.” आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो.

सर मूळचे नागपूरकडचे, संत्र्याच्या मुलखातले. संत्रं, मोसंबी, लिंबू या जातीच्या झाडांना होणाऱ्या एकाच रोगावर त्यांनी सगळी नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावर माणूस मुलाकडे जातो, तीर्थाला जातो. हे वरवंडला आले, कारण त्यांना कागदी लिंबाच्या मुलखात राहायचं होतं. सोलापूर रोडला माझं लिंबाचं गोडाऊन आहे, त्याच्यावर दोन खोल्या. सर खोली बघायला आले तेव्हा त्यांनी पाणी किती वेळ येतं ते विचारलं नाही, संडास बघितला नाही. सरळ गच्चीवर गेले आणि म्हणाले, “ऊन कुठून कुठवर राहते?”

मी भाडं सांगितलं. ते म्हणाले, “बरं.”

आता, मी सायकलला दोन पोती बांधून शिरूरच्या बाजाराला लिंबं नेणारा माणूस. आज माझे स्वतःचे दोन टेम्पो आहेत, वडगाव रासाईला बाग आहे, ते भाव करूनच. मी देवळाबाहेर नारळ घेतानाही भाव करतो. समोरचा ‘बरं’ म्हणाला की मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

“सर, भाव तरी करा,” मी म्हणालो.

“काहून? तुम्ही सांगितलं ते खोटं आहे काय?”

“खोटं न्हाई. पर कमी व्हतंय.”

“मग आधीच कमी सांगायचं होतं.”

मी भाडं कमी केलं. समोर कुणी भांडतच नसताना हरलेला माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा.

सामान म्हणजे दोन पत्र्याच्या ट्रंका. एकीत कागद, दुसरीत वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली पानं. एक काळी छत्री, एक भिंग, आणि शाळेत असतो तसला जगाचा मोठा नकाशा. नकाशा त्यांनी भिंतीला लावला आणि त्यावर जागोजाग लिंबाचे काटे टोचले. टाचण्या आणून देतो म्हणालो, तर म्हणाले, “राहू द्या. ज्याची गोष्ट, त्याचाच काटा पाहिजे.”

सकाळी ते हायवेच्या हॉटेलात मिसळ खायचे. मिसळीबरोबर लिंबाची फोड येते. सर स्वतःच्या फोडीतल्या बिया काढून रुमालात ठेवायचे, मग उठून दुसऱ्या टेबलांवरच्या बशा बघायचे. ट्रकवाले, कंपनीची पोरं, कुणीही असो. “तुमच्या बिया घेऊ काय?” पहिल्यांदा लोकांना वाटलं म्हातारा भ्रमिष्ट आहे. हॉटेलवाला मला म्हणाला, “शेट, तुमचं भाडेकरू आलं की माझ्या पोऱ्याचं टेबल पुसायचं काम कमी व्हतंय. त्यांना पगार चालू करू का?”

त्या बिया ते पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कापून त्यात लावत. वर्षभरात माझी सगळी गच्ची बाटल्यांनी भरली. मी ओरडलो. म्हणालो, “सर, मी खोल्या दिल्यात, वावर दिलं न्हाई.”

त्यावर त्यांनी मला बसवून घेतलं आणि पहिला धडा दिला. हा रोग विषाणूचा. विषाणू झाडाच्या रसात राहतो, सालीत राहतो, काडीत राहतो; पण बीमध्ये उतरत नाही. कितीही आजारी झाडाची बी लावा, रोप निरोगी उगवतं. आणि त्या निरोगी कागदी लिंबाच्या रोपावर संशयित झाडाच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे बारीक कोंब, बांधला, की काही आठवड्यांत कळतं. रोग असेल तर कोवळ्या पानांच्या शिरा तुटक तुटक पारदर्शक होतात. पान उन्हासमोर धरलं की दिसतं. जगात कुठेही, मोसंबीच्या बागेत असो की संत्र्याच्या, या रोगाची साक्ष काढायची तर हेच लिंबू लावतात.

“म्हणजे आपलं हे?” मी विचारलं. “पोत्यात भरून मी पुण्याला पाठवतो ते?”

“तेच. तुम्ही त्याचं सरबत करून राहिले आणि जग त्याला साक्षीला बोलावते.”

मला ते आवडलं. त्यानंतर गच्चीवरून मी भांडलो नाही. उलट पुण्याच्या मार्केटला एका अडत्याने माझ्या मालाला नाव ठेवलं तेव्हा मी त्याला हेच ऐकवलं. तो म्हणाला, “साक्षीदार असंल, पर बारीक हाय.”

झाड दिसलं की सर त्याचे आईबाप विचारत. हे कुठून आणलं? ज्याच्याकडून आणलं, त्याने कुठून आणलं? आमच्या दारात कढीपत्ता आहे. सर म्हणाले, हा लिंबाचा चुलतभाऊ. झालं. माझ्या बायकोला विचारलं, कुठला? ती म्हणाली, माझ्या माहेरचा, न्हावऱ्याचा. वहीत लिहिलं. पाच दिवसांनी पुन्हा आले, “वहिनी, तुमच्या आईंनी कुठून आणला होता?” बायकोने न्हावऱ्याला फोन लावला. आईला आठवेना, तिने तिच्या जावेला विचारलं. दोन दिवस हाच विषय. बायको मला म्हणाली, “लग्न ठरवताना तुम्ही माझ्या माहेरची एवढी चौकशी केली न्हवती.”

नकाशावरच्या काट्यांची गोष्ट मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकली आहे, की झोपेतून उठवलं तरी सांगेन.

पहिला काटा होता ईशान्येच्या डोंगरात, आसामच्या पलीकडे, चीनला लागून. लिंबा-संत्र्याच्या जातीची सगळी भाऊबंदकी तिथून खाली उतरली. रोगही तिथलाच, असं सरांचं आणि बऱ्याच जाणत्यांचं मत. त्याला सर ‘रोगाचं माहेर’ म्हणत. मग शेकडो वर्षं ही झाडं जगभर पसरली, पण ती बीच्या रूपाने. शिडाच्या जहाजात महिनोन्‌महिने झाड जगत नसे. फळ नाहीतर बी नेत. त्यामुळे झाडं गेली, रोग मागे राहिला. पुढे आगबोटी आल्या. प्रवास लवकर व्हायला लागला, कुंडीतलं झाड जिवंत पोचायला लागलं. लोकांनी हौसेने कलमं नेली, आणि त्या कलमांच्या सालीत बसून रोग निघाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला गेला. तिथून समुद्र ओलांडून अर्जेंटिना आणि ब्राझील. तिथे काळा मावा, म्हणजे बारीक काळी कीड, त्याची वाट बघत असल्यासारखा होता. आजारी पानाचा रस प्यायचा आणि निरोगी झाडावर जाऊन बसायचा. लाखांनी झाडं उभी वाळली. मग स्पेन, मग अमेरिका.

“ब्राझीलच्या लोकांनी नाव काय ठेवलं माहीत आहे?” सर विचारायचे. “ट्रिस्टेझा. म्हणजे उदासपणा. झाड मरत नाही एकदम. उदास होते. पान पिवळं, फळ बारकं, शेंड्याकडून वाळत येते.”

“आमी त्याला ‘बाग बसली’ म्हणतो,” मी म्हणालो.

“तेही बरोबर आहे. उदास माणूस बसतेच.”

शेवटी ते नेहमी एकच वाक्य बोलायचे. “बीला वेळ लागते, कारण ती सगळं नव्याने सुरू करते. काडीला घाई असते, आणि रोग घाईवाल्याच्या गाडीत बसतो.”

मला ते वाक्य ऐकायला बरं वाटत नसे. कारण वडगाव रासाईच्या माझ्या बागेत बीची झाडं नव्हती. कलमं होती. बीच्या लिंबाला फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. रोपवाटिकेवाला म्हणाला होता, दुसऱ्या वर्षी फळ. मी सायकलवरून टेम्पोपर्यंत आलेला माणूस, मला घाई होती. त्याची लाज वाटत नाही. घाई नसती तर अजून सायकलवरच असतो.

बाग पहिली तीन वर्षं चांगली होती. चौथ्या वर्षी शेंडे वाळायला लागले. मी खत घातलं, पाणी वाढवलं, पाणी कमी केलं, दुकानदार सांगेल ते फवारलं. शेवटी सरांना टेम्पोत घालून भीमेकाठी बागेत नेलं.

सर पहिल्या झाडाजवळ गेले, छत्री उघडून मला धरायला दिली. डोक्यावर ऊन लागू नये म्हणून नाही. काळ्या कापडाच्या कडेने पान उन्हासमोर धरलं की शिरा स्वच्छ दिसतात म्हणून. दहा झाडं बघितली. मग खिशातला चाकू काढून एका फांदीची साल सोलली. आतल्या लाकडावर खाचा होत्या, दाभणाने टोचून काढल्यासारख्या.

“कुठून आणली?” त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नाची मी पूर्वी चेष्टा करायचो. त्या दिवशी चेष्टा सुचली नाही. मी रोपवाटिकेचं नाव सांगितलं.

“त्याने काडी कुठून आणली?”

“ते मला काय ठाऊक!”

बांधापलीकडे बाग आहे ती मांडवगण फराट्याच्या आप्पांची. आप्पा धनगर. त्यांच्या वडिलांपर्यंत मेंढरं घेऊन फिरणारं घर, आता बागाईत आणि दारात थोडी मेंढरं. त्यांची शंभर-दीडशे झाडं, सगळी घरच्या एका जुन्या झाडाच्या बीची, हिरवीगार. आमची छत्री बघून आप्पा बांधावर आले.

“शेट, झाडांना सावली धरताय का काय?”

मी सांगितलं काय झालं ते. आप्पांनी सरांना एकच विचारलं, “ह्यांनी आणताना मूळ झाड बघितलं व्हतं का?”

“नाही,” सर म्हणाले.

आप्पा माझ्याकडे वळले. “आमी मेंढा घेताना त्याची आई बघतो. आईची आई कुणाच्या कळपातली, ते इचारतो. आन् तुमी आख्खी बाग पिशवी बघून घेतली व्हय?”

“चिठ्ठी हुती आप्पा. रोगमुक्त लिहिलं हुतं.”

“मेंढराच्या गळ्यात चिठ्ठी बांधली म्हंजी खरूज जाती का?”

मी तापलो. पण सर तिथेच बांधावर मांडी घालून बसले आणि आप्पांना विचारायला लागले. दोन कळपांतली मेंढरं मिसळली तर तुमची कुठली, ते कसं ओळखता? आप्पा म्हणाले, कानावरून. प्रत्येक घराची कान कापायची खूण वेगळी. कुणाची टोकाला चीर, कुणाचं मागं भोक. मेंढरू साताऱ्याच्या बाजारात सापडलं तरी कान बघून कळतं कुणाच्या वाड्यातलं. सर एवढे खूश झाले की त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला. म्हणाले, “विषाणूलासुद्धा कान असतात आप्पा. त्याच्या आत अक्षरांची लांब ओळ असते. एका झाडातून दुसऱ्यात जाताना तिच्यात बारीक बारीक बदल होत जातात. ते ताडून पाहिले की कोण कोणाच्या कळपातला, ते सांगता येते.”

“मग बघा की कान,” आप्पा म्हणाले. “बसलाय कशाला?”

त्याच कलमांच्या बागा दोन्ही तालुक्यांत आणखी दहा निघाल्या. सरांनी प्रत्येकातून काड्या घेतल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या, आणि एका प्रयोगशाळेत त्यांचा जुना विद्यार्थी होता त्याच्याकडे पाठवल्या. पण अकरा लेकरांचे कान बघून आई ठरत नाही. आईची काडी पाहिजे होती. ती रोपवाटिकेत, मालकाच्या ताब्यात.

भाव करायला गेल्याशिवाय ती मिळणार नव्हती, आणि ते काम माझं. मी ठरवलं, मोठा माल घ्यायचा म्हणून जायचं. सरांना म्हणालो, “तुमी माझं साडू म्हणून या. तोंडातून अक्षर काढायचं न्हाई.”

“मी तुमचा साडू नाही.”

“म्हणून तर बोलू नका म्हणतोय!”

रोपवाटिका दौंड तालुक्यात. मालकाने चहा मागवला, मी दोन हजार कलमांची भाषा केली. त्याने भाव सांगितला, मी हसलो. त्याने उतरवला, मी उठलो. त्याने परत बसवलं. तासभर असं चाललं. सर मांडीवर छत्री ठेवून मुक्याने बसून. शेवटी मी म्हणालो, “भाव जमला समजा. पर ह्या टायमाला मूळ झाड बघितल्याशिवाय न्हाई. आमच्या आप्पांनी शिकवलंय.”

मालक हसत उठला. विहिरीजवळ ते झाड होतं. मोठं, पसरट, फळांनी लगडलेलं. मावा अडवायला जाळी नाही, काही नाही. सर थांबले. खोडावरून मुंग्यांची रांग वर चढत होती. पुढे मला कळलं, मुंग्या माव्याच्या गोड घामावर जातात. मुंगी चढते तिथे मावा असतो. सरांनी एक कोवळं पान खुडलं, छत्री उघडली, पान उन्हासमोर धरलं. मी डोळ्याने खुणा करतोय. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

“हे झाड आजारी आहे,” ते मोठ्याने म्हणाले.

माझा सगळा सौदा पाण्यात गेला असं मला वाटलं. पण मालक उलट खुलला. गिऱ्हाइकाने अक्कल दाखवली की आपण सवाई दाखवायची, ही व्यापाऱ्याची खोड मला माहीत आहे; माझ्यातही आहे.

“साडूभाऊ हुशार दिसत्यात,” तो म्हणाला. “अहो, मागं एक तपासणीवाला आल्ता, त्यो बी हेच बोलून गेला. ह्याच्या काड्या बंद करा म्हणला. बंद करून खाऊ काय? झाड तर फळ देतंय!”

“कवा आल्ता?” मी विचारलं.

“झाली की पाच-सहा वर्सं.”

म्हणजे मी कलमं नेली त्याच्याही आधी.  राग आवरून मी विचारलं, “मग ती चिठ्ठी?”

“त्याची काय काळजी? कृषी खात्याच्या हापिसातनं चिठ्ठ्यांचं बंडलच येतंय. सायबाची सही आधीच केलेली असती. आपण फकस्त बांधायची.”

मी त्याची कॉलर धरली. पुढचं सगळं मला नीट आठवत नाही. माणसं धावत आली, कुणीतरी माझा शर्ट फाडला, मी कुणाच्या तरी पायावर पाय दिला. त्या गडबडीत सरांचा आवाज तेवढा स्पष्ट आठवतो. “शेट, चला आता. काडी झाली.” आम्ही सगळे एकमेकांच्या उरावर असताना त्यांनी चाकू काढून शांतपणे दोन काड्या कापल्या होत्या आणि मिटलेल्या छत्रीत ठेवल्या होत्या.

परतताना टेम्पोत मी शिव्यांची लाखोली वाहत होतो. पाटसच्या अलीकडे सर म्हणाले, “तुम्ही कलमं घेताना भाव केला असेल.”

“केला की. सोडतो व्हय?”

“त्यात काय कमी करवून घेतलं?”

मी गिअर बदलला. मग सांगितलं. त्या वेळी मालकाने दोन भाव सांगितले होते. तुमच्या समोर काडी तपासून हवी असेल तर एक, नुसत्या चिठ्ठीवर हवी असेल तर दुसरा, कमी. मी विचारलं होतं, चिठ्ठी दोन्हीला एकच ना? तो म्हणाला, एकच. मग मी म्हणालो, कमीची दे.

“बाकीच्या दहांनी काहून घेतली?”

“मी घेतली म्हणून. लोक म्हणत्यात, ह्यानं घेतलं म्हंजी तपासूनच घेतलं असणार.”

सरांनी वही काढली आणि लिहायला लागले.

“हे कशाला लिवताय?” मी ओरडलो.

“वंशावळीत आहे हे,” ते म्हणाले.

मी टेम्पो बाजूला घेऊन उभा केला. म्हणालो, मी स्वस्त मागितलं, रोग मागितला नव्हता. कमी भाव मागणं गुन्हा असेल तर सगळा शिरूरचा बाजार आत टाका. सर म्हणाले, “गुन्हा नाही म्हणत मी. रस्ता सांगून राहिलो. रोग आगबोटीतून आला, त्यात आगबोटीचा गुन्हा नव्हता. पण नकाशात ती दाखवावीच लागते.” मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो. ते वाक्य खरं होतं, आणि खऱ्या मालाला मी नाव ठेवत नाही. इथेही ते लिहिलं आहे, कुणी नंतर काढून दाखवण्याआधी.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. अकरा बागा आणि विहिरीजवळचं ते झाड, सगळ्यांचा कान एकच. गावाकडच्या इतर जुन्या झाडांत जो सौम्य रोग थोडाफार असतो, त्याची खूण वेगळी. हा जहाल होता आणि तो एकाच घरातून निघाला होता. जुन्या मोठ्या झाडाने तो अंगावर काढला, कोवळ्या कलमांना झेपला नाही.

आता मला कोर्ट दिसायला लागलं. वकील म्हणाला, “एकही झाड उपटू नका. उभी बाग हाच पुरावा. पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही.”

सर म्हणाले, “उद्या उपटा. काळा मावा तारखा पाहून उडत नाही.”

मध्ये बांध फक्त. बांधापलीकडे आप्पांची हिरवी झाडं. मी सरांना म्हणालो, माझा घास गेला, आता माझी साक्ष पण घालवू? आठ दिवस मी बागेकडे फिरकलो नाही. मग एका सकाळी आप्पाच वरवंडला आले. गोडाऊनमध्ये पोत्यावर बसले, तंबाखू मळत.

“शेट, उपटा म्हणून सांगायला न्हाई आलो. झाडं तुमची. येकच इचारतो. माझ्या मेंढरांना खरूज असती, तर ती मी तुमच्या वावरात बसवली असती का?”

आमच्याकडे धनगर दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवतो ते खतासाठी, विश्वासावर. आजारी कळप बसवणारा धनगर मी बघितला नाही, ऐकलाही नाही. मी उठून आप्पांना चहा सांगितला. 

त्याच दुपारी सर गच्चीवर बारीक जाळीचा पिंजरा बांधत होते. मावा आत जाणार नाही, बाहेर येणार नाही, अशी जाळी. त्यांनी बियांपासून वाढवलेली बारा रोपं निवडली, मिसळीच्या बशांतली, अकरा बागांसाठी अकरा आणि बारावं त्या मूळ झाडासाठी. प्रत्येकावर त्या त्या झाडाचा डोळा बांधला. म्हणाले, “पुरावा उभाच पाहिजे ना? हा राहील उभा. बाग जाऊ द्या.” तीन पंच बोलावले, सगळं लिहून घेतलं, सह्या केल्या. वकिलाने डोकं खाजवलं, पण नाही म्हणता आलं नाही.

मी जेसीबी बोलावला. माझी बाग एका दिवसात गेली. बाकीचे दहाजण कुरकुरले, मग एकेकाने उपटली. मी उपटली म्हणून. यावेळी सरांनी तेही वहीत लिहिलं, मला दाखवून.

आप्पांच्या बागेतून सर दर महिन्याला पानं आणायचे. काही निघालं नाही. अजूनही निघालेलं नाही.

त्यानंतर दिवाळी झाली आणि सर म्हणाले, खोली सोडतो. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखणारा. कुठे निघालात विचारलं, तर म्हणाले, “माहेर पाहिलं नाही अजून.” आयुष्यभर ज्या डोंगराच्या जागी काटा टोचला, तिथे ते कधी गेलेच नव्हते. ट्रंका माझ्याकडे ठेवल्या, छत्री घेतली आणि गेले. महिन्याभराने पत्र आलं. लिहिलं होतं: इथल्या रानातली जुनी झाडं पाहिली. त्यांच्यात रोग आहे आणि झाडं मजेत आहेत. हजारो वर्षं एकत्र राहून दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं असावं. भांडण लागलं ते माणसाने त्याला उचलून परक्या घरात नेलं तेव्हा. मुक्काम वाढवतो.

गच्चीवरच्या पिंजऱ्याला मी रोज सकाळी स्वतः पाणी घालतो. बाराही रोपांच्या पानांवर शिरा तुटक दिसतात, मलाही आता उन्हासमोर धरून वाचता येतात. मी कृषी खात्यात तक्रार दिली, अहवाल जोडला, पंचांचे कागद जोडले. ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असं उत्तर आलं. पुन्हा गेलो, पुन्हा तेच.

मागच्या आठवड्यात मी दौंडकडून येताना त्या रोपवाटिकेवरून आलो. विहिरीजवळचं झाड उभं आहे. त्याच्या फांद्यांवर ताजे काप होते, पांढरे, एक-दोन दिवसांचे. म्हणजे काड्या निघाल्या आहेत. कुठल्या तरी गावात त्या बांधल्या जातील, त्यांना सही केलेली चिठ्ठी लागेल, आणि कुणीतरी माझ्यासारखा घाईचा माणूस त्या घेऊन जाईल.

माझ्या वाट्याचं उत्तर मी दिलं आहे; मी माझी बाग मुळासकट काढली. आता झाड न बघता चिठ्ठ्यांच्या बंडलावर ज्याने सह्या केल्या, त्या साहेबाने माझ्या गोडाऊनवर यावं, किंवा मला बोलवावं, मी येतो. अकरा बागा गेल्या, आणि ते एक झाड अजून का उभं आहे, ते त्यांनी मला तोंडावर सांगावं.